पहिला ड्रम सेट: आधी सिंबल ऐका, मग ड्रम बघा

माझा पहिला ड्रम सेट लाल रंगाचा होता. दुकानातल्या दिव्यांखाली त्याचं पॉलिश असं चमकत होतं की मी आणि बाबा, दोघांनीही दुसऱ्या सेटकडे पाहिलं नाही. तोवर मी गणपतीत पथकात ताशा वाजवायचो. हातात लय होती, पण ड्रम सेट विकत घेताना काय बघायचं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुकानदाराने टॉमवर, म्हणजे समोरच्या लहान ड्रमवर, दोन ठोके मारून दाखवले, आवाज मोठा आला, सौदा झाला. सेटबरोबर हायहॅटची जोडी आणि एक क्रॅश, म्हणजे झांजेसारखे धातूचे सिंबल, फुकट होते. ते कोणी वाजवूनही पाहिले नाहीत. तिसऱ्या महिन्यात क्रॅशची कड पत्र्याच्या ताटासारखी वळली. हायहॅट तर पहिल्या दिवसापासून दोन झाकणं एकमेकांवर पडावीत तसा वाजत होता. वर्षभर मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो. मग एकदा मित्राच्या तालमीला गेलो, त्याच्या हायहॅटवर तेच आठ ठोके वाजवले, आणि कळलं की हात ठीक होता.

आता मी मुलांना शिकवतो. परीक्षा संपल्या की पालकांचे फोन सुरू होतात: ‘सर, सेट कुठला घेऊ?’ विचारणा कंपनीची असते, रंगाची असते, किती पीसचा घ्यायचा याची असते. सिंबलबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख मी मुद्दाम त्या टोकाकडून सुरू करतोय. साध्या ड्रमला चांगली हेडं, म्हणजे ढोलाला असतात तशी पानं, घालून, नीट सुरात लावून त्याच्याकडून खूप चांगला आवाज काढता येतो. सिंबलला सुरात लावायची सोयच नसते. कारखान्यातून जसा आला तसाच तो शेवटपर्यंत वाजणार.

सेटमध्ये असतं काय

‘फाइव्ह पीस’ म्हणतात तेव्हा फक्त ड्रम मोजलेले असतात: पायाने वाजणारा बेस ड्रम, दोन गुडघ्यांच्या मधला स्नेअर, समोरचे दोन टॉम आणि उजव्या हाताला जमिनीवर उभा असलेला फ्लोअर टॉम. सिंबल या मोजणीत येत नाहीत. ते तीन: डाव्या पायाने उघडमिट होणारी जोडी म्हणजे हायहॅट, ठेका धरायला मोठा राइड, आणि जोर दाखवायला क्रॅश.

लग्नातल्या ब्रास बँडमध्ये मोठा ड्रम एकाच्या गळ्यात असतो, साइड ड्रम दुसऱ्याच्या, आणि झांजा तिसऱ्याच्या हातात. ड्रम सेट म्हणजे हीच तीन माणसं एका स्टुलावर बसवलेली. १९०९ मध्ये अमेरिकेत लुडविग यांच्या पेडलने बेस ड्रम पायाखाली आणला. १९२० च्या दशकात पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी आली आणि तिचाच पुढे हायहॅट झाला. झांजवाला माणूस सेटमध्ये पहिल्यापासून आहे. खरेदीच्या वेळी मात्र त्याचाच विसर पडतो.

जाहिरातीत ‘शेल पॅक’ लिहिलेलं असेल तर सावध राहा. त्यात नुसते ड्रम मिळतात. स्टँड, पेडल, स्टूल, सिंबल आणि कधीकधी स्नेअरसुद्धा वेगळा घ्यावा लागतो.

काशाची वाटी आणि पितळेची वाटी

घरात तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी असेल तर काढा. ती तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा, कडेला हात लागू देऊ नका, आणि चमच्याने हलकेच वाजवा. आवाज उठतो, गोल फिरतो आणि बराच वेळ टिकतो. आता तेवढ्याच आकाराची पितळेची वाटी तशीच वाजवा. हा आवाज लवकर बसतो आणि त्यात एकच एक सूर ठळक ऐकू येतो. सिंबलच्या किमतीत जो प्रचंड फरक दिसतो, त्याचं निम्मं उत्तर या दोन वाट्यांत आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. सिंबलच्या दुनियेत याच काशाला ब्राँझ म्हणतात आणि त्यातल्या कथिलाचं प्रमाण नावातच सांगतात. बी२० म्हणजे ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के कथील. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या अस्सल काशातही कथील साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं, म्हणजे ही दोन अगदी जवळची भावंडं. बी८ मध्ये कथील आठ टक्के. मधली बी१० आणि बी१२ सुद्धा मिळतात.

कथील वाढलं की धातू कडक होतो, आवाजात अनेक स्वर एकत्र मिसळतात आणि तो जास्त वेळ तरंगतो. पण असा धातू थंडपणी लाटायला गेलं तर तडकतो. म्हणून बी२० चा सिंबल ओतून, तापवून, लाटून, ठोकून एकेक घडवावा लागतो. बी८ चा मोठा पत्रा लाटता येतो आणि त्यातून पोळीसारख्या गोल चकत्या कापता येतात. त्यामुळे तो स्वस्त पडतो, आणि एका मॉडेलचे दहा सिंबल घेतले तर दहाही जवळजवळ सारखेच वाजतात. बी२० मध्ये एकाच नावाचे, एकाच मापाचे दोन सिंबल शेजारी वाजवले तर फरक ऐकू येतो. म्हणून तो प्रत्यक्ष कानाने निवडावा.

हे ओतीव सिंबल घडवण्याचं सगळ्यात प्रसिद्ध घराणं झिल्जियन. कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, १६२३ मध्ये अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने आपला कारखाना काढला. झिल्जियन या नावाचा अर्थच झांजा घडवणाऱ्याचा वंश. १९२९ मध्ये हे काम अमेरिकेत सुरू झालं. त्याच घरातल्या एका भावाने १९८१ मध्ये कॅनडात सेबियन ही कंपनी काढली आणि आपल्या तीन मुलांच्या, सॅली, बिली आणि अँडी यांच्या, नावांची पहिली अक्षरं जोडून तिला नाव दिलं. यांच्याशिवाय स्वित्झर्लंडची पायस्टे, जर्मनीची मायनल आणि इस्तंबूलमध्येच आजही हाताने ठोकून सिंबल घडवणाऱ्या कंपन्या ही नावं कानावर येतील.

पण कंपनीचं नाव पाहून भुलू नका. या मोठ्या कंपन्या पितळेपासून बी२० पर्यंत सगळं बनवतात, आणि स्वस्त सिंबलवरही तोच शिक्का असतो. झिल्जियनचा प्लॅनेट झेड, सेबियनचा एसबीआर, मायनलचा एचसीएस, पायस्टेचा १०१ हे पितळेचे. सेटबरोबर जे सिंबल येतात ते बहुधा यांपैकीच. त्याच्या वरची पायरी बी८ ची: झिल्जियन आय, सेबियन बी८एक्स, मायनल एचसीएस ब्राँझ, पायस्टे पीएसटी ५. त्याच्याही वर झिल्जियनचे ए आणि के, सेबियनचे एएएक्स आणि एचएचएक्स, मायनलचे बायझान्स असे बी२० चे सिंबल येतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पायस्टेची २००२ ही मालिका बी८ ची आहे, आणि जगातल्या मोठमोठ्या रॉक ड्रमरांनी ती वर्षानुवर्षं वाजवली आहे. म्हणजे धातूबरोबर घडणही तेवढीच मोलाची. नवशिक्याने यातून एवढंच घ्यावं की चांगला बी८ घ्यायला कचरू नये, पितळ मात्र शक्यतो टाळावं.

आधी हायहॅट

साधा आठ ठोक्यांचा रॉक ठेका घ्या. चार मात्रांच्या एका आवर्तनात हायहॅटवर आठ ठोके, स्नेअरवर दोन, बेसवर दोन-तीन. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत चार मिनिटांचं गाणं वाजवलं तर चारशे मात्रा होतात, म्हणजे शंभर आवर्तनं, म्हणजे हायहॅटवर आठशे ठोके. दर आठ आवर्तनांनी एकदा क्रॅश मारला तर तो त्या गाण्यात डझनभर वेळा वाजतो. तरीही मुलं पहिले पैसे क्रॅशवर घालवतात, कारण तो मोठ्याने वाजतो आणि मारताना मजा येते.

सगळे सिंबल एकदम चांगले घेणं परवडत नसेल तर सगळ्यात जास्त पैसे चौदा इंची हायहॅटवर घाला. त्याच्या खालोखाल वीस इंची राइड. सोळा इंची क्रॅश सहा महिन्यांनी घेतला तरी शिकण्यात काही अडत नाही.

दुकानात जाताना स्वतःच्या काड्या न्या. मुंबईत धोबी तलावाला १८६५ पासून चालत आलेलं फुर्टाडोज आहे, पुण्यात आणि गोव्यातही सिंबल स्टँडवर लावून वाजवू देणारी दुकानं आहेत. गर्दी नसेल अशी वेळ निवडा. शनिवारी संध्याकाळी शेजारी कोणीतरी गिटार तपासत असतो आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

हायहॅट आधी घट्ट मिटून काडीच्या टोकाने वाजवा. प्रत्येक ठोका सुटा आणि टोकदार यायला हवा. मग काडीच्या खांद्याने, म्हणजे टोकाच्या मागच्या जाड भागाने, कडेवर मारा. आवाज भरीव झाला पाहिजे, नुसता मोठा होऊन उपयोग नाही. आता काड्या खाली ठेवा आणि फक्त पायाने पेडल दाबा. ‘चिक’ असा स्वच्छ, छोटा आवाज यायला हवा. तो ‘फस्स’ असा आला तर आधी दुकानदाराला खालचा सिंबल जरा तिरका करायला सांगा, कारण दोन्ही अगदी समपातळीत असले की मध्ये हवा अडकते. तिरका करूनही ‘फस्स’च आलं तर ती जोडी सोडून द्या. शेवटी पेडल किंचित सैल ठेवून वाजवा. पितळेचा हायहॅट इथे उघडा पडतो, नुसता खडखडाट करतो. ब्राँझचा सळसळतो.

राइडवर टोकाने सलग सोळा ठोके मारा. सोळावा ठोका पहिल्याइतका वेगळा ऐकू आला पाहिजे. मागच्या ठोक्यांचा गुंजारव इतका साचला की नवा ठोका त्यात बुडाला, तर गाण्यात तुमची लय कोणालाच ऐकू येणार नाही. क्रॅश तपासताना तो किती पटकन उमलतो आणि किती सहज विरतो ते ऐका. मी नवशिक्याला पातळ क्रॅश घ्यायला सांगतो. जाड क्रॅश टिकतो असा समज आहे. पण जाड क्रॅश हलक्या हाताला उमलत नाही, म्हणून मुलं आणखी जोरात मारतात आणि तोही फुटतोच.

मग काड्या सोबत आलेल्याच्या हातात द्या, दहा पावलं लांब जा, पाठ करा आणि तीच जोडी पुन्हा ऐका. डोळे बाजूला झाले की कान जास्त खरं सांगतात. जाण्याआधी आठवडाभर कानाला वळणही लावता येतं. आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम वाजवणारे फ्रँको वाझ यांची वाजवणी हेडफोन लावून ऐका आणि फक्त हायहॅटच्या मागे जा. गाणं तुम्ही शंभरदा ऐकलेलं असेल, पण हायहॅट पहिल्यांदा ऐकाल.

आता ड्रम

ड्रमच्या डब्याला शेल म्हणतात. पातळ लाकडी थर एकमेकांवर चिकटवून तो गोल वळवलेला असतो. सुरुवातीच्या सेटमध्ये बहुतेक पॉप्लर हे लाकूड असतं. यामाहाचा रायडीन, पर्लचा रोडशो, टामाचा इम्पिरियलस्टार हे सगळे पॉप्लरचे. त्याच्या वर यामाहाचा स्टेज कस्टम पूर्ण बर्चचा येतो. मेपलचे आणखी महाग. बर्चचा आवाज आटोपशीर आणि ठसठशीत, मेपलचा उबदार आणि गोलसर, असं म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण पहिल्या दोन वर्षांत लाकडावर जीव टाकू नका. सैल, झिजलेल्या हेडचा मेपल सेट नव्या हेडच्या पॉप्लर सेटपुढे हरतो, हे मी अनेकदा ऐकलंय.

लाकडापेक्षा बघण्यासारखी गोष्ट म्हणजे शेलची कड, जिथे हेड टेकतं. हेड काढून दाखवायला सांगा आणि कडेवरून बोट पूर्ण फिरवा. कुठे खाच, खड्डा किंवा उंचवटा लागला तर तो ड्रम कधीच नीट सुरात लागणार नाही.

मापं इंचांत असतात. बावीसचा बेस, बारा आणि तेराचे टॉम, सोळाचा फ्लोअर टॉम हा मोठा, रॉकचा संच. दहा आणि बाराचे टॉम आणि चौदाचा फ्लोअर टॉम असेल तर त्याला फ्युजन म्हणतात. जॅझवाले अठराचा बेस घेतात. स्नेअर बहुतेक सगळीकडे चौदा इंच व्यासाचा आणि साडेपाच इंच खोलीचा. आपल्याकडच्या घरांच्या खोल्या आणि मुलांची उंची बघता मला वीसचा बेस असलेला फ्युजन सेट सगळ्यात सोयीचा वाटतो. बावीसच्या बेसवर बसवलेले टॉम लहान मुलाच्या छातीपर्यंत येतात. मग ते खांदे उचलून वाजवतं आणि अर्ध्या तासात मान दुखते. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाला सोळा इंची बेसचा लहान सेट घ्या. दोन-तीन वर्षांनी बदलावा लागेल, पण मूल नीट बसायला शिकेल.

आता हेड. ढोलाला जसं पान, तसं ड्रमला हेड. काही दुकानांत त्याला स्किनच म्हणतात, कारण पूर्वी ते वासराच्या कातड्याचं असायचं. १९५० च्या दशकात चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी प्लॅस्टिकच्या फिल्मची हेडं बाजारात आणली. तेव्हापासून पावसाळी हवेत हेड सैल पडण्याचा त्रास गेला. कोकणात राहणाऱ्या ड्रमरने तर त्यांचे आभारच मानायला हवेत.

स्वस्त सेटबरोबर येणारी हेडं फार पातळ असतात. सेट घेतला की पहिल्या महिन्यात वरची हेडं बदला. स्नेअरला एकेरी, खरखरीत पांढरा थर असलेलं घ्या: रेमोचं अँबॅसडर किंवा इव्हान्सचं जी१. टॉमला दुहेरी: रेमोचं एम्परर किंवा इव्हान्सचं जी२. दुहेरी हेड जास्त टिकतं आणि नको असलेली किणकिण दाबतं. खालच्या हेडांना पहिलं वर्ष हात लावायची गरज नाही.

ती बसवायची कशी हे एकदा नीट सांगतो, कारण इथेच साधा सेट महागासारखा वाजू लागतो. जुनं हेड काढा, कड सुक्या फडक्याने पुसा, नवं हेड आणि वरून रिंग ठेवा. सगळे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी बसतील तेवढे फिरवा. मग ड्रमची चावी घेऊन एक स्क्रू अर्धा फेरा, त्याच्या बरोबर समोरचा अर्धा फेरा, असं आडवंतिडवं जात राहा. शेजारच्या शेजारी कसत गेलात तर हेड एका बाजूला ओढलं जातं. सुरकुत्या गेल्या की तळवा मध्यभागी ठेवून दाबा. कुरकुर आवाज येईल, घाबरू नका, हेड आपली जागा घेतंय. आता प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काडीने हलकी टिचकी मारत गोल फिरा आणि सूर ऐका.

तबलेवाल्याला सोळा घरं फिरून एका सुरात आणताना तुम्ही पाहिलं असेल. हे तेच काम आहे. टॉमला सहा किंवा आठ घरं, एवढाच फरक. एखादं घर उतरलेलं असेल तर ते पाव फेरा वर घ्या, आणि समोरचं घर पुन्हा ऐका, कारण तेही जरा हललेलं असतं. पहिल्यांदा एका टॉमला चाळीस मिनिटं लागतील. सगळी घरं मिळाली की मध्यभागी एक ठोका मारा. आत्तापर्यंत ‘डब्ब’ वाजणारा टॉम ‘डूऽऽम’ असा बोलतो. माझ्या वर्गात या क्षणी प्रत्येक मुलाचा चेहरा बदलतो, आणि मला शिकवण्याच्या कामातला हा सगळ्यात आवडता क्षण आहे.

लोखंड

स्टूल, पेडल आणि हायहॅट स्टँड या तीन गोष्टींवर लोक पैसे वाचवतात. स्टूल डुगडुगलं तर कंबर जाते. बसल्यावर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या असाव्यात, आणि पूर्ण वजन टाकलं तरी ते हलता कामा नये. पेडल हाताने दाबून सोडा. बीटर, म्हणजे बेसवर आदळणारा गोळा, सहज परत आला पाहिजे, कुठे अडकता कामा नये. स्टँडचे पाय दुहेरी पट्ट्यांचे घ्या. डबल पेडल सध्या नको. एका पायाने सलग दहा मिनिटं सम पकडता आली की मग बघू.

काड्या हिकरी लाकडाच्या, ५ए मापाच्या. लहान हाताला ७ए. पथकातून आलेल्या मुलांना ताशाच्या हलक्या काडीची सवय असते, त्यांना ५ए आठवडाभर जड वाटते, मग बसते. घेताना काडी टेबलावर घरंगळवून बघा. सरळ असेल तर थरथरत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

रहिवासी भागासाठी आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५. ड्रम सेट जोरात वाजला की वाजवणाऱ्याच्या कानापाशी आवाज शंभरच्या पुढे सहज जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाकाठी आठ तास चालतो, १०० डेसिबलचा मात्र फक्त पंधरा मिनिटं. म्हणून सेटबरोबरच कानात घालायचे प्लग घ्या, आणि मूल शिकणार असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून सवय लावा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

स्वतंत्र बंगला, शेतावरचं घर किंवा तालमीची खोली नसेल तर इलेक्ट्रॉनिक सेट हाच शहाणा मार्ग. त्यात जाळीचं, म्हणजे मेश हेड असलेला घ्या. रबरी पॅडवर मनगट थकतं आणि काडीची उसळी खोटी वाटते. रोलंड, यामाहा, अलेसिस या कंपन्यांचे सुरुवातीचे सेट चांगले आहेत. हेडफोन लावले की आवाज बाहेर जात नाही असं विक्रेते सांगतात, ते अर्धंच खरं आहे. पायाच्या पेडलचा दणका स्लॅबमधून थेट खालच्या घरी उतरतो. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करा आणि सेट त्यावर मांडा. माझ्या एका विद्यार्थ्याने असा चौथरा केला आणि खालच्या काकूंची तक्रार थांबली.

साधा सेट आधीच घरात असेल तर मधला उपायही आहे. रेमोची सायलेंटस्ट्रोक ही जाळीची हेडं आणि झिल्जियनचे एल८० हे छिद्रांचे सिंबल लावले की आवाज बोलण्याच्या पातळीच्या जवळ येतो. पुढे मोकळी जागा मिळाली की मूळ हेडं परत चढवायची.

आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न: ‘त्यापेक्षा ऑक्टोपॅड घेऊ का?’ ऑर्केस्ट्रात, भजनात, गणेशोत्सवात उभं राहून वाजवायचं असेल आणि त्यातून लवकर कमवायचं असेल तर जरूर घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोपॅडवर घर चालवणारे उत्तम वादक आहेत. पण दोन हात आणि दोन पाय वेगवेगळे चालवायला शिकायचं असेल, डाव्या पायाने हायहॅट उघडायचा असेल, तर ते नुसत्या ऑक्टोपॅडवर होत नाही.

जुना सेट घेताना

माझा सल्ला बहुतेक वेळा हाच असतो: ड्रम जुने घ्या आणि वाचलेल्या पैशांत हायहॅट चांगला घ्या. ट्रिनिटीच्या ड्रम परीक्षांच्या दोन-तीन ग्रेड देऊन बारावीला थांबलेल्या मुलांचे सेट विकायला निघतात, आणि ते बरेचदा जेमतेम वाजलेले असतात.

बघायला जाताना ड्रमची चावी आणि मोबाइलचा टॉर्च न्या. प्रत्येक स्क्रू फिरवून बघा, आटे गेलेले असतील तर तो फिरतच राहील. टॉर्च शेलच्या आत धरा आणि थर सुटलेत का, ओल लागून फुगलेत का ते पाहा. किनाऱ्याजवळच्या गावांत क्रोम गंजलेलं असतं. वरवरचा गंज पुसला जातो, स्क्रूच्या आट्यांतला गंज त्रास देतो.

जुना सिंबल उजेडासमोर धरा आणि कडेवरून नख फिरवत जा. नख जिथे अडखळेल तिथे थांबा, अर्ध्या सेंटिमीटरची चीरही पुढे वाढत जाते. मग मधलं भोक पाहा. ते गोल असायला हवं. आधीच्या माणसाने स्टँडवरची प्लॅस्टिकची नळी न लावता वाजवला असेल तर भोक कुलपाच्या छिद्रासारखं लांबट झालेलं असतं, आणि तिथूनही चीर फुटते. कळकट, हिरवट डाग असले तरी चालतील, त्याने आवाज बिघडत नाही. शेवटी सिंबल मधल्या भोकात बोट घालून लटकवा, काडीने कडेवर हलकी टिचकी मारा आणि कानाजवळ आणा. आवाजात कुठे झर्रझर्र ऐकू आली तर चीर दिसो वा न दिसो, तो घेऊ नका. आवाज स्वच्छ राहिला तर घरी न्या, खाली-वर फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या चकत्या, लावा, आणि वरचा नट इतकाच आवळा की सिंबल बोटाने ढकलल्यावर मोकळा डोलला पाहिजे.